सिग्नलला इंजिन बंद: फायदा कुणाचा?

रायपूरहून बोलतोय. आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या गाडीत एका छोट्या बटणाच्या रूपाने बसलेला आहे. इंग्रजी ए, भोवती गोल बाण. सिग्नलला गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद, ब्रेकवरून पाय उचलला किंवा क्लच दाबला की पुन्हा चालू. हे खरंच कामाचं आहे का? उत्तर देण्याआधी थोडा इतिहास सांगतो, कारण उत्तर इतिहासातच दडलेलं आहे.

सुरुवात माझ्या फजितीपासून. गेल्या मे महिन्यात आईला डॉक्टरांकडे नेत होतो. आई एक्याऐंशी वर्षांची, दम्याचा त्रास. शास्त्री चौकात लाल दिवा लागला, इंजिन बंद झालं. दिवा हिरवा झाला आणि इंजिन काही चालू होईना. बाहेर चव्वेचाळीस अंश, एसी बंद, मागे हॉर्नचा कल्लोळ. दोन पोरांनी धक्का मारून गाडी कडेला लावली. आई पदराने वारा घेत एवढंच म्हणाली, “चालू होती ना? मग बंद कशाला केलीस?”

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलंय. बाबांची जुनी गाडी होती. रेल्वेचं फाटक पडलं की आजूबाजूचे ट्रकवाले इंजिन बंद करून खाली उतरायचे, बाबा मात्र गाडी चालूच ठेवायचे. पेट्रोल जळायचं, पण त्यांना भीती असायची: बंद केली आणि पुन्हा चालू झाली नाही तर? डिकीत लोखंडी हँडल असायचं. अॅम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या जमान्यात बॅटरी उतरली की पुढून हँडल घालून इंजिन फिरवायची सोय असे. ज्यांनी ते फिरवलंय, त्यांना आठवत असेल, अंगठा बाकी बोटांच्याच बाजूला ठेवायचा. इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा जायचा, कधी मनगटही.

मोटारीच्या पहिल्या पंचवीस वर्षांत जगभर हीच तऱ्हा होती. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने १९११ मध्ये विजेचा स्टार्टर तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत तो बसला. गाडी चालू करणं सोपं झालं. पण चालू इंजिन बंद करायचं नाही ही सवय मात्र हँडलच्या काळातली, आणि ती पुढच्या पिढ्यांकडे आली.

ही सवय मोडायचा पहिला गंभीर प्रयत्न झाला तो तेलाच्या टंचाईत. १९७३ साली अरब देशांनी तेल रोखलं, भाव चौपट झाले. त्यानंतर १९७० च्या दशकाच्या मध्यावर टोयोटाने आपल्या क्राउन गाडीत एक इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवली. गाडी थांबून सुमारे दीड सेकंद झाला की इंजिन बंद. टोकियोच्या गर्दीतल्या चाचण्यांत सुमारे दहा टक्के इंधन वाचलं. मग १९८० च्या दशकात फियाटने रेगाटा गाडीत आणि १९९४ मध्ये फोक्सवॅगनने गोल्फ इकोमॅटिकमध्ये असेच प्रयत्न केले. गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली. तेल स्वस्त झालं होतं, आणि वाटेत इंजिन बंद पडलेलं कुणालाच आवडत नव्हतं.

मग २००० नंतर हीच गोष्ट घरोघरी कशी पोहोचली? दोन कारणं. एक, स्टार्टर आणि बॅटरी सुधारल्या. दुसरं कारण सरकारी. २००९ मध्ये युरोपने कार कंपन्यांवर बंधन घातलं की २०१५ पर्यंत नव्या गाड्यांचा सरासरी कार्बन डायऑक्साइड किलोमीटरला १३० ग्रॅमवर आणायचा. त्या वेळच्या युरोपीय प्रयोगशाळेतल्या चाचणीत गाडी जवळजवळ पाव वेळ जागच्या जागी उभी असे. म्हणजे थांबल्यावर इंजिन बंद करणाऱ्या गाडीला परीक्षेत फुकटचे मार्क! आपल्याकडची भारतीय चाचणीही त्याच घडणीची आहे. म्हणून कंपनीने कागदावर दाखवलेली बचत आणि तुमच्या रस्त्यावरची बचत यांत अंतर पडतं.

भारतात यात पुढे होती महिंद्रा. २००८ च्या सुमारास तिने स्कॉर्पिओ ‘मायक्रो हायब्रिड’ नावाने आणली. २०१५ मध्ये मारुतीची सियाझ एसएचव्हीएस आली. तिला केंद्र सरकारच्या फेम योजनेतून अनुदानही होतं. एप्रिल २०१७ पासून अशा सौम्य हायब्रिड गाड्यांचं ते बंद झालं. पण माझ्या मते खरी गंमत दुचाकींत झाली. २०१४ मध्ये हिरोने स्प्लेंडर आयस्मार्ट आणली: न्यूट्रलमध्ये काही सेकंद उभी राहिली की इंजिन बंद, क्लच दाबला की चालू. २०१९ मध्ये होंडाने अॅक्टिव्हा १२५ मध्ये तशीच सोय दिली. दुचाकीला ना एसी, ना जड इंजिन. जयस्तंभ चौकात सकाळी दहाला उभे राहा, बंद-चालूचा हा खेळ तिथे चांगला जमलेला दिसतो.

आता हिशेब. एक नियम लक्षात ठेवा: अमेरिकेच्या अरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या अभ्यासानुसार दहा सेकंदांहून जास्त थांबायचं असेल, तर इंजिन चालू ठेवण्यापेक्षा बंद करून पुन्हा चालू करण्यात कमी इंधन लागतं. लहान पेट्रोल कार उभ्या-उभ्या तासाला साधारण पाऊण लिटर पिते असं धरू. मी रोज पंधरा मिनिटं सिग्नलला असतो. वर्षाचे तीनशे दिवस म्हणजे ७५ तास, सुमारे ५६ लिटर. लिटरला शंभर रुपये धरले तर ५,६०० रुपये.

पण यंत्रणा दर वेळी इंजिन बंद करत नाही. इंजिन थंड असेल, बॅटरी कमी भरलेली असेल, पट्टा लावलेला नसेल, तर ती गप्प बसते. आणि मुख्य म्हणजे एसी. बहुतेक पेट्रोल-डिझेल गाड्यांत एसीचा कंप्रेसर इंजिनावरच्या पट्ट्यावर चालतो. इंजिन थांबलं की नुसता पंखा उरतो. म्हणून रायपूरच्या उन्हाळ्यात गाडी बहुधा इंजिन बंदच करत नाही, किंवा केलं तर दोन मिनिटांत आत भट्टी होते. निम्मी बचत धरा: २,८०० रुपये.

यातून बॅटरी वजा करा. या गाड्यांना वारंवार चालू-बंद सोसणारी खास बॅटरी लागते, ईएफबी किंवा एजीएम प्रकारची. ती साध्या बॅटरीपेक्षा बरीच महाग. उन्हाळ्याची उष्णता बॅटरीचं आयुष्य तशीही कमी करते. आणि इथे माझी चूक कबूल करतो. जुनी बॅटरी संपल्यावर मी पैसे वाचवायला साधी बॅटरी बसवून घेतली होती. शास्त्री चौकातली फजिती त्या बचतीची. मेकॅनिकने बॉनेट उघडलं, हसला आणि म्हणाला, “भैया, सस्ता वाला महंगा पड़ गया.”

हवेचं काय? २०१६ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत रायपूर सूक्ष्म धूलिकणांत जगात सातवं होतं. त्यात उरला-सिलतरा भागातल्या स्पंज आयर्न कारखान्यांचा मोठा वाटा. सिग्नलला कार बंद केल्याने तो धूर जात नाही. पण चौकात शेजारी स्कूटरवर बसलेल्या लेकराच्या नाकासमोरचा धूर मात्र नक्की कमी होतो. दिल्लीत २०२० मध्ये सरकारने ‘रेड लाइट ऑन, गाडी ऑफ’ मोहीम काढली ती याच विचाराने. त्यासाठी खास यंत्रणा लागत नाही, किल्लीही पुरते. फक्त गाडी पूर्ण थांबल्यावरच. चालत्या गाडीत इंजिन बंद केलं तर स्टिअरिंग आणि ब्रेक जड होतात.

तर माझं मत. शहरात रोज पंधरा-वीस मिनिटं सिग्नलला जात असतील, तर ही सोय उपयोगाची, पण तिच्यासाठी गाडी बदलू नका. तुमचं धावणं बहुतेक नागपूर-रायपूर महामार्गावर असेल, तर तिचा उपयोग जवळजवळ शून्य. बॅटरी मात्र योग्य तीच घ्या. मी स्वतः ऑक्टोबर ते फेब्रुवारी ती चालू ठेवतो. एप्रिल-मेमध्ये, आई गाडीत असेल तर, गाडीत बसल्या-बसल्या ते बटण दाबून टाकतो.

डिसेंबरात आईला घेऊन पुन्हा त्याच चौकात थांबलो. इंजिन बंद झालं. आईने एकदा माझ्याकडे पाहिलं, काही बोलली नाही. दिवा हिरवा झाला, गाडी चालू झाली, आणि तिने मांडीवरच्या पिशवीची घट्ट पकड सैल केली.

तुमच्या गावच्या मोठ्या सिग्नलला किती सेकंद थांबावं लागतं, ते एकदा मोजा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.