बर्फाखालचं तळं आणि बादलीतला मासा : लेक डेव्हिसचा इतिहास

या मालिकेत आपण आजवर धरणांविषयी जे बोललो, ते बहुतेक विस्थापितांच्या, सिंचनाच्या आणि विजेच्या अंगाने बोललो. आज धरणाच्या पाण्यातल्या माशाविषयी बोलू. विषय वरकरणी लहान वाटेल. पण एका लहानशा गावाचं पिण्याचं पाणी त्यापायी गेलं, एवढं सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

कॅलिफोर्निया म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर समुद्र आणि ऊन येतं. पण त्या राज्याच्या उत्तरेला, सिएरा नेवाडा डोंगरात, प्लुमस नावाचा परगणा आहे. तिथे पोर्टोला गावाजवळ बिग ग्रिझली नावाच्या ओढ्यावर १९६०च्या दशकात राज्याच्या जलप्रकल्पातून एक धरण बांधलं गेलं आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ५,८०० फुटांवर एक जलाशय तयार झाला. तोच लेक डेव्हिस. नाव ‘लेक’ असलं तरी तो नैसर्गिक सरोवर नाही, हे ध्यानात ठेवा. पुढे ते कामाला येणार आहे.

एवढ्या उंचीवर हिवाळ्यात तळं गोठतं आणि मग लोक त्यावर चालत जाऊन मासे धरतात. आपल्याकडच्या माणसाला हे थोडं अजबच वाटतं. गिरमिटाने बर्फाला वीतभर रुंदीचं भोक पाडायचं, हातभर लांबीची काठी घ्यायची, गळ खाली सोडायचा आणि घडीच्या स्टुलावर बसून राहायचं. एका माणसाचा भार पेलायला स्वच्छ, घट्ट बर्फ निदान ४ इंच जाड हवा, असा तिकडचा साधारण दंडक आहे. जलाशयावर मात्र तेवढ्यावर भागत नाही. धरणातून पाणी सोडलं की खालची पातळी उतरते आणि काठाजवळचा बर्फ अधांतरी राहतो, तडकतो. म्हणजे माणूस ज्याच्यावर बसलाय ते मनुष्यनिर्मित, त्याच्याखालचं पाणी कुणीतरी चावी फिरवून कमी-जास्त करणार आणि गळाला लागणारा ट्राउट, तोही बहुधा सरकारी मत्स्यबीज केंद्रात वाढवून सोडलेला. निसर्गाच्या सान्निध्यात म्हणून आपण जातो ती जागा अशी असते, बरं का. यात थट्टा नाही. त्या माणसाला मिळणारी शांतता खरीच असते.

आता मूळ प्रसंगाकडे येऊ. १९९४ साली या तळ्यात नॉर्दर्न पाइक नावाचा मासा सापडला. लांबट अंग, बदकाच्या चोचीसारखं चपटं तोंड, त्यात दातांच्या रांगा, आणि पाणवनस्पतींत दबा धरून एका झेपेत भक्ष्य गिळायची सवय. अमेरिकेच्या मध्य-उत्तरेकडच्या मिनेसोटा, विस्कॉन्सिनसारख्या राज्यांत हा इथलाच मानला जातो. थंड पाण्यातही तो खायचा थांबत नाही, त्यामुळे बर्फावर बसणाऱ्यांचा तो मोठा लाडका. कॅलिफोर्नियाच्या पाण्यात मात्र तो कधीच नव्हता. डोंगर ओलांडून मासा चालत येत नाही. कुणीतरी बादलीत किंवा टाकीत घालून आणला आणि सोडला. जवळच्याच फ्रेंचमन जलाशयात १९८८मध्ये तो असाच आढळला होता आणि १९९१मध्ये तिथलं पाणी विषप्रयोग करून साफ केलं होतं. तीन वर्षांत तो इकडे हजर. हे कृत्य कुणाचं, ते आजतागायत सिद्ध झालेलं नाही.

का सोडला असेल? आमचा अंदाज असा की त्यात दुष्टपणा कमी आणि हौस जास्त होती. आपल्याला आवडणारा मासा आपल्या जवळच्या तळ्यात असावा, एवढीच इच्छा. पण मोठी पाइक मादी एका हंगामात लाखभर अंडी घालू शकते. बर्फ वितळला रे वितळला, की काठच्या बुडालेल्या गवतात ती अंडी पडतात. लेक डेव्हिसला असे उथळ, गवताळ काठ भरपूर. शिवाय या तळ्याचं पाणी फेदर नदीला, तिथून ओरोव्हिलच्या मोठ्या धरणात, पुढे सॅक्रामेंटो नदीत आणि शेवटी खाडीच्या त्रिभुज प्रदेशात जातं. तिथे चिनूक जातीचा सामन आहे, डेल्टा स्मेल्ट नावाची बोटभर मासोळी आहे, आणि दोन्हींची अवस्था तेव्हाच बिकट होती. सरकार घाबरलं ते या खालच्या पाण्यासाठी.

उपाय ठरला रोटेनोन. हे मूळचं वनस्पतिजन्य विष. दक्षिण अमेरिकेतले आणि आग्नेय आशियातले आदिवासी काही मुळ्या ठेचून पाण्यात टाकत आणि मासे धरत, त्या मुळ्यांतलाच हा पदार्थ. आपल्या सह्याद्रीतही गेळफळासारखी फळं ठेचून डोहात मासे गुंगवण्याची रीत होतीच. द्रव्य निराळं, युक्ती तीच. फरक प्रमाणाचा आहे. डोहात टाकणारा संध्याकाळच्या कालवणापुरतं टाकतो. इथे पूर्ण जलाशयातला एकूणएक मासा मारायचा होता.

आणि तो जलाशय पोर्टोलाचा पाणवठा होता. गाव खवळलं. सभा झाल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि ऑक्टोबर १९९७मध्ये विष टाकायच्या वेळी काही आंदोलकांनी थंडगार पाण्यात उतरून एका तरंगत्या बोयाला स्वतःला साखळीने बांधून घेतलं. पोलीस बंदोबस्तात काम उरकलं गेलं. काही आठवड्यांत पाणी निवळेल असं सांगितलं होतं, पण द्रावणातलं पायपरोनिल ब्युटॉक्साइड नावाचं पूरक रसायन महिनोन् महिने रेंगाळलं. गावाला विहिरींवर भागवावं लागलं. अखेर राज्याने स्थानिकांना सुमारे ९२ लाख डॉलरची भरपाई दिली. आणि मे १९९९मध्ये पाइक पुन्हा सापडला!

जनुकीय तपासणीतून दिसलं की हे मासे जुन्याच वंशातले. म्हणजे थोडे वाचले असतील, किंवा विष पडण्याआधी कुणी काढून ठेवून नंतर परत सोडले असतील. गावात दोन्ही मतांचे लोक होते, आणि एकमेकांकडे संशयाने बघत होते. ज्या कृत्याचा कर्ता सापडत नाही, त्याची शिक्षा सगळ्या गावात थोडी थोडी वाटली जाते. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही वर्षानुवर्षं जॉन स्टुअर्ट मिल शिकवला: दुसऱ्याला इजा होत नाही तोवर माणूस स्वतंत्र आहे. या बादलीपुढे ते सूत्र अपुरं पडतं, असं आम्हाला वाटतं. बादली रिकामी करताना इजा कुणालाच होत नाही. ती तीन वर्षांनी, दोनशे मैल खाली, ज्यांना बादलीचा पत्ताही नाही अशांना होते. आणि ती मागे घेता येत नाही. चोरलेली वस्तू परत देता येते. सोडलेली जोडी परत मागता येत नाही.

पण मग दुसरी बाजूही बघायला हवी, नाहीतर आपण सरकारी पत्रकच वाचल्यासारखं होईल. मासे इकडून तिकडे नेण्याचा सर्वात मोठा उद्योग केला कुणी? सरकारनेच. अमेरिकेत १८७१ साली मत्स्य आयोग स्थापन झाला. १८७९ साली लिव्हिंगस्टन स्टोन याने न्यू जर्सीतून पट्टेरी बास जातीची सुमारे १३० पिल्लं आगगाडीने आणली आणि कार्किनेझच्या सामुद्रधुनीत सोडली. वीस वर्षांत त्यांचा बाजार भरला. तो बासही सामनची पिल्लं खातो, आणि ज्या त्रिभुज प्रदेशाला पाइकपासून वाचवायचं होतं तिथेच तो सव्वाशे वर्षं नांदत होता. युरोपातला कार्प तर सरकारने मागेल त्याला वाटला आणि पुढे त्याच्याच नावाने बोटं मोडली. आपल्याकडे काय वेगळं झालं? आफ्रिकेतला तिलापिया १९५२ साली भारतात रीतसर आणला गेला. आज भिगवणला जेवायला थांबलात तर उजनीची चिलापी म्हणून तोच ताटात येतो, आणि तो परदेशी आहे हे सांगितलं तर वाढणाऱ्यालाही खरं वाटायचं नाही.

मग कायदेशीर आणि बेकायदा यांत फरक तो काय? माशाच्या बाजूने पाहिलं तर काहीच नाही. फरक आहे तो जाब विचारण्याचा. स्टोनचं नाव, तारीख, पिल्लांची संख्या नोंदलेली आहे. आज आपण त्याच्यावर टीका करू शकतो. बादलीवाल्याला नाव नाही. आमच्या मते बेकायदेशीरपणाचा खरा अर्थ इथे आहे. पाइक वाईट आणि ट्राउट चांगला, असा तो नाही. आणि हाच निकष १९९७च्या सरकारलाही लागू होतो. त्यांनी नाव लपवलं नाही, पण ज्यांच्या नळाला ते पाणी येत होतं त्यांचं म्हणणं ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं.

१९९९नंतर मात्र रीत बदलली. गावकरी आणि अधिकारी यांची एक संयुक्त समिती बसली. जाळी लावली, पाण्यात वीज सोडून मासे गुंगवले, सुरुंगाच्या वातींनी स्फोटही केले. २००७पर्यंत सुमारे ६५,००० पाइक काढले आणि तरी ते संपेनात. शेवटी पुन्हा रोटेनोनच ठरलं. पण ते वादग्रस्त पूरक रसायन नसलेलं द्रावण, आधी पातळी उतरवलेलं पाणी, नाले-ओढ्यांपर्यंत पोचलेली मोहीम, आणि मुख्य म्हणजे पाणी तपासण्याचे आकडे लोकांसमोर. सप्टेंबर २००७मध्ये काम झालं. खर्च सुमारे १ कोटी ६० लाख डॉलर. विष तेच होतं, माशांचं मरणही तेच होतं. या वेळी कुणी बोयाला साखळीने बांधून घेतलं नाही. विरोध करणारे गावात तेव्हाही होते, हेही नोंदवायला हवं.

त्या डिसेंबरात ट्राउट पुन्हा सोडायला सुरुवात झाली. आता हिवाळ्यात बर्फ धरला की लेक डेव्हिसवर गिरमिटं चालतात आणि भोकातून इंद्रधनुषी ट्राउट वर येतो, तोही आणून सोडलेल्यांच्याच कुळातला. पाइक २००७नंतर तिथे आढळलेला नाही.