मनोरा किती उंच हवा? अटलांटिकपार रेडिओची एक गोष्ट

१/ १७ सप्टेंबर १९०१. कॉर्नवॉलमधील पोल्धू येथे मार्कोनीने वर्तुळात उभारलेले, प्रत्येकी सुमारे २०० फूट उंचीचे २० खांब वादळात कोसळले. अखेर दोन नव्या खांबांवर तारांचा पंखा टांगून काम भागवावे लागले. १२ डिसेंबरला न्यूफाउंडलंडमध्ये, पतंगाने सुमारे ५०० फूट वर नेलेल्या तारेतून आपण 'एस'चे तीन ठिपके ऐकले, असे त्याने जाहीर केले. (खरोखर ऐकले का, हा वाद अजून मिटलेला नाही.)

२/ दूर पोहोचायचे तर लांब लहरी, प्रचंड शक्ती आणि उत्तुंग मनोरे हवेत, हा त्या काळचा दृढ समज होता. म्हणूनच १९१२च्या अमेरिकी कायद्याने हौशी रेडिओचालकांना २०० मीटर व त्याखालील लहरींवर ढकलले. 'निरुपयोगी' म्हणून दिलेले हे वतन! शक्तीची मर्यादा १ किलोवॉट.

३/ डिसेंबर १९२१. अमेरिकी हौशी संघटनेने पॉल गॉडली यास स्कॉटलंडला धाडले. आर्ड्रोसन येथे, समुद्राकाठच्या ओल्या शेतात तंबू ठोकून तो रात्री कान लावून बसला. त्याच्यापाशी मनोरा नव्हताच. जमिनीपासून जेमतेम १२ फुटांवर ताणलेली, सुमारे १,३०० फूट लांबीची तार होती. हॅरल्ड बेव्हरेज याची रचना. कनेटिकटमधील '१बीसीजी' या हौशी केंद्राचा पूर्ण संदेश त्याने टिपला, तेव्हा स्कॉटलंडमध्ये १२ डिसेंबर उजाडला होता. मार्कोनीनंतर बरोबर वीस वर्षांनी.

४/ मग उंचीचे महत्त्व खोटे ठरले काय? नाही. बेव्हरेजची तार क्षीण लहरच पकडते, पण ती प्रामुख्याने एकाच दिशेचे ऐकते. त्यामुळे इतर दिशांचा खरखराट गळून जातो. ऐकण्यास ती उत्तम, प्रक्षेपणास मात्र कुचकामी.

५/ प्रक्षेपणात उंची फुटांत नव्हे, तरंगलांबीत मोजावी लागते. आडव्या अँटेनाची थेट लहर आणि जमिनीवरून परावर्तित झालेली लहर एकमेकींत मिसळतात. सपाट भूमीवर उंची अर्धी तरंगलांबी असेल तर सर्वाधिक ऊर्जा क्षितिजापासून सुमारे ३० अंशांवर निघते. पूर्ण तरंगलांबी असेल तर १४-१५ अंशांवर. कोन जितका सपाट, तितकी आयनांबरातून एकेक झेप लांब. आता हिशेब करा : २०० मीटरच्या लहरीसाठी २०० मीटरचा मनोरा, म्हणजे जवळजवळ पावणेतीन कुतुबमिनार! २० मीटरच्या लहरीसाठी मात्र सहा-सात मजली इमारतीएवढी उंची पुरे. 'मनोरा किती उंच घ्यावा' हा प्रश्न हौशी माणसाच्या ऐपतीत आला, तो लघुलहरींमुळे.

६/ नोव्हेंबर १९२३ मध्ये नीसचा लेऑन देलॉय आणि कनेटिकटचा फ्रेड श्नेल यांनी १०० मीटरच्या आसपास अटलांटिकपार दुतर्फा संभाषण साधले. मग त्या 'निरुपयोगी' लहरींवर सर्वांचा डोळा गेला. १९२७ साली इंग्लंडशी लघुलहरींचा 'बीम' तारव्यवहार सुरू झाला, तेव्हा त्याचे भारतातील प्रक्षेपण पुण्याजवळच्या खडकीहून होई आणि ग्रहण दौंडला.