पाकिटातला पातळ कागद

जानेवारी 1970. वॉशिंग्टनमध्ये सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांच्या समितीपुढे गर्भनिरोधक गोळीच्या धोक्यांवर सुनावणी चालू होती. डॉक्टर येत होते, संशोधक येत होते, पण गोळी घेणारी एकही बाई साक्षीला बोलावलेली नव्हती. प्रेक्षकांत बसलेल्या ॲलिस वुल्फसन आणि तिच्या मैत्रिणी उठल्या आणि ओरडून प्रश्न विचारू लागल्या. त्याच वर्षी अमेरिकेत गोळीच्या पाकिटात माहितीपत्रक घालणं सक्तीचं झालं.

लग्नानंतर आम्ही दोघं ‘सुरक्षित आणि पर्यावरणपूरक’ साधन शोधत होतो, तेव्हा असा एक घडीचा कागद मी पहिल्यांदा नीट वाचला. डॉक्युमेंटेशन वाचणं हा माझा धंदाच आहे. पण हे डॉक्युमेंटेशन भांडून मिळालेलं आहे, हे मला इतिहास वाचल्यावर कळलं.

त्या भांडणाचं मूळ पोर्टो रिकोत आहे. 1956 साली तिथल्या गरीब वस्तीतल्या बायकांवर गोळीची मोठी चाचणी सुरू झाली. तिथल्या डॉ. एड्रिस राइस-रे यांनी नोंदवलं, की 17 टक्के बायकांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी असे त्रास होतात आणि सरसकट वापरासाठी हे प्रमाण फार आहे. मुख्य संशोधक ग्रेगरी पिंकस यांना हे त्रास बरेचसे मनाचे वाटले. 1960 साली गोळीला मान्यता मिळाली. पुढे रक्ताच्या गुठळ्यांच्या तक्रारी आल्या, आणि मग हळूहळू मात्रा घटवत आणल्या गेल्या.

आपल्याकडे माहितीची लढाई त्याआधीच सुरू झाली होती. र. धों. कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. 1927 पासून 1953 पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून ते हा विषय सरळ मराठीत मांडत राहिले. त्यापायी त्यांनी नोकरी गमावली, अश्लीलतेचे खटले सोसले. 1934 च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

सरकारने मात्र माहितीपेक्षा आकड्यांवर भर दिला. 1965 साली प्लास्टिकचा ‘लूप’ मोठ्या प्रमाणावर आला. रक्तस्राव होऊ शकतो हे बायकांना नीट सांगितलं गेलं नाही, नंतरची तपासणीही तोकडी पडली. लूपवरचा विश्वास उडाला. 1976-77 मध्ये तर सुमारे 62 लाख पुरुषांची नसबंदी झाली, कित्येकांची जबरदस्तीने. त्यानंतर सगळा भार बायकांवर सरकला. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्री-नसबंदी 37.9 टक्के आहे आणि पुरुष-नसबंदी 0.3 टक्के. यातली सोपी शस्त्रक्रिया पुरुषाची, हे इथे मुद्दाम सांगायला हवं.

आता पर्यावरणाचं. कॅनडातल्या ओंटारियोत 2001 ते 2003 या काळात एका तळ्यात गोळीतलं कृत्रिम इस्ट्रोजेन मिसळण्यात आलं, एका लिटरला जेमतेम 5-6 नॅनोग्रॅम. नर माशांमध्ये मादीची लक्षणं दिसली आणि फॅटहेड मिनो जातीचे मासे तळ्यातून जवळजवळ संपले. प्रयोग खरा आहे, धोकाही खरा आहे. पण पाण्यात पोचणारं इस्ट्रोजेन फक्त गोळीतून येत नाही. जनावरांच्या मलमूत्रातून येतं, माणसांच्या शरीरातल्या नैसर्गिक संप्रेरकांतूनही येतं. त्यावर खरा उपाय सांडपाणी नीट शुद्ध करणं हाच आहे. तळं वाचवण्याची जबाबदारीही पुन्हा एकट्या बाईच्या गोळीवर टाकली, तर आपण इतिहासातून काहीच शिकलो नाही.

पर्याय आहेत. कॉपर-टी 380ए दहा वर्षं टिकते. तिच्यात संप्रेरक नसतं आणि कचराही जवळपास शून्य, मात्र पाळीत रक्तस्राव वाढू शकतो. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली ‘सहेली’ ही स्टेरॉइडविरहित गोळी. पहिले तीन महिने ती आठवड्यातून दोनदा घ्यायची, मग एकदा. तिने पाळी लांबू शकते. निरोध कचरा करतो, पण संसर्गापासून वाचवणारा तोच एक. तो कमोडमध्ये टाकू नये, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकावा.

यातलं कुठलं घ्यायचं, हे तुमच्या प्रकृतीप्रमाणे डॉक्टरांशी बोलून ठरेल. एक गोष्ट मात्र डॉक्टरांना विचारायची गरज नाही. त्रास ज्याच्या शरीराला होणार, शेवटचा शब्द त्याचा. आणि दुसऱ्याने निदान तो कागद पूर्ण वाचावा.