‘असं फक्त तुमच्याकडेच होतंय’

‘असं फक्त तुमच्याकडेच होतंय,’ हे उत्तर आपण सगळ्याजणींनी कधी ना कधी ऐकलंय. ब्रिटनमध्ये याच उत्तरानं शेकडो घरं उद्ध्वस्त केली. तो इतिहास आज आम्ही सांगतो.

१९९९ पासून तिथल्या पोस्टांत हिशेबासाठी ‘होरायझन’ नावाचं सॉफ्टवेअर आलं. कुणी पैसे घेतलेले नसताना हिशेबात तूट दिसू लागली. पोस्ट चालवणाऱ्यांनी हेल्पलाइनला फोन केले. अनेकांना तेच उत्तर मिळालं. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या फुजित्सू कंपनीकडे मात्र सापडलेल्या चुकांची नोंद होती.

९०० हून अधिक जण दोषी ठरले. बहुतेक खटले पोस्टानंच भरले होते. सीमा मिश्रा २०१० मध्ये गरोदर असताना तुरुंगात गेल्या.

पुढे ५५५ जण एकत्र आले, तेव्हा ती नोंद कोर्टासमोर आली. २०१९ मध्ये कोर्टानं सॉफ्टवेअरमधले दोष मान्य केले. २०२१ मध्ये सीमाताई निर्दोष ठरल्या.

म्हणून तक्रार केलीत की तारीख लिहून ठेवा, तक्रार क्रमांक मागून घ्या. आणि शेजारणीला जरूर विचारा, ‘तुझ्याकडेही असंच होतं का गं?’