भ्रंशाच्या पोटातील माती

12 जून 1897 च्या आसाम भूकंपात दूरच्या कलकत्त्यातही सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या मनोऱ्याची हानी झाली. तेथील भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी भूकंपक्षेत्र धुंडाळले. चेद्रांग नदीकाठी जमीन 35 फुटांपर्यंत वर उचलली गेली होती. 1899 च्या अहवालात त्यांनी हा भ्रंश सविस्तर वर्णिला. त्याच्या पोटात काय असते, हे मात्र मोजपट्टीला कळण्याजोगे नव्हते.

भ्रंश म्हणजे नुसती भेग नव्हे. खडक खडकावर घासला की जात्यातल्याप्रमाणे त्याचे पीठ पडते. त्यात पाणी झिरपते, फेल्डस्पार कुजते, काही क्षार वाहून जातात आणि केओलिन, स्मेक्टाइट यांसारखी मृत्खनिजे घडतात. खोलवर, उष्णता वाढली आणि पोटॅशियम मिळाले, की स्मेक्टाइटचे इलाइट होते. ओले स्मेक्टाइट तर शेवाळलेल्या घाटाहून निसरडे! कॅलिफोर्नियातील सान आंद्रेआस भ्रंशात 2007 साली सुमारे 3 किलोमीटर खोलीवरून नमुने काढले, तेव्हा भूकंपाविना सावकाश सरकणाऱ्या पट्ट्यात सॅपोनाइट नावाचे स्मेक्टाइटच सापडले.

मला अधिक नवल वाटते ते इलाइटचे. त्यातील पोटॅशियमचा किरणोत्सारी अंश संथपणे अरगॉन वायूत पालटतो. तो वायू मोजून भ्रंश कोणत्या युगात हलला, याचा अदमास बांधता येतो.