पुढचा ब्रेक आणि दोन सेकंद

मोटरसायकल शिकवणारा काका असो की मामा, एक उपदेश हमखास करतो : ‘पुढचा ब्रेक धरू नकोस, तोंडावर आपटशील.’ हा उपदेश शास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही.

ऊसतोडणीच्या हंगामातला रात्रीचा रस्ता घ्या. वेग ताशी ६० किलोमीटर. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, अशी उसाने भरलेली ट्रॉली एकदम उजेडात येते. ६० चा वेग म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. धोका डोक्यात शिरून हात ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर १७ मीटर तिथेच संपले. पुढे कोरड्या डांबरावर दोन्ही ब्रेक नीट लागले तरी गाडी थांबायला आणखी २० मीटर लागतात. एकूण ३७. वेग ४० असता, तर हाच हिशेब ११ अधिक ९, म्हणजे २० मीटरवर मिटला असता. आणि ४० वाला जिथे पूर्ण थांबतो, तिथे ६० वाल्याचा वेग अजून ५५ च्या आसपास असतो.

ब्रेक लागला की भार पुढे सरकतो, शॉकअप दबतात, मागचे चाक हलके होते. कडक ब्रेकमध्ये जवळजवळ चार पंचमांश भार पुढच्या चाकावर येतो आणि टायरची पकड भारावर अवलंबून असते. म्हणून नुसता मागचा ब्रेक दाबला, तर अंतर साधारण दुप्पट होते. शिवाय हलके झालेले चाक जाम होऊन बाजूला घसरते. मग तोंडावर आपटणे येते कुठून? झडप घालण्यातून. भार पुढे यायच्या आधीच लिव्हर कचकन ओढला, तर चाक जाम होते. लिंबू पिळतो तसा पिळा : आधी हलका, मग वाढता.

हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिसमधल्या सुमारे ९०० अपघातांच्या तपासावर १९८१ मध्ये अहवाल दिला. बहुतेक चालकांनी मागचे चाक जाम केले होते आणि पुढचा ब्रेक कमी वापरला होता. हातात असलेला वेळ होता दोन सेकंदांहूनही कमी. एवढ्या वेळात माणूस विचार करत नाही, हात सवयीने चालतो.

ब्रेक आणि वळण, दोघांचा खर्च टायरच्या एकाच पाकिटातून होतो. म्हणून गाडी सरळ ठेवून ब्रेक मारा, किंवा ब्रेक सोडून चुकवा. दोन्ही एकदम नको. चुकवताना डावीकडे जायचे, तर हँडलची डावी मूठ किंचित पुढे ढकला. ऐकायला उलटे वाटते, पण वेगात गाडी कलते ती अशीच. नजर मोकळ्या जागेवर हवी. खड्ड्याकडे टक लावून पाहणारा खड्ड्यातच जातो.

खड्डा चुकणारच नसेल, तर ब्रेक खड्ड्याच्या अलीकडे संपवा. दाबलेल्या शॉकअपला धक्का गिळायला जागाच उरत नाही. ढुंगण सीटवरून जरा उचला, गुडघे सैल, गाडी सरळ. कुत्रे आडवे आले तरी सरळ ब्रेकच बरा. त्याला वाचवायला हँडल मारणारे समोरच्या ट्रकखाली जातात.

एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे आहे. ते चाक जाम होऊ देत नाही, पण पाकिटात पैसे घालत नाही. पहिल्या पावसात तेल-धूळ कालवलेल्या रस्त्यावर किंवा वळणावर सांडलेल्या खडीवर ते पाकीट आधीच हलके असते.

रविवारी सकाळी रिकाम्या मैदानावर ३० च्या वेगाने दहा-बारा वेळा पुढचा ब्रेक पिळून पाहा. त्याआधी टायर बघा; गोटा झाला असेल, तर वरचे आकडे तुमच्या गाडीला लागू नाहीत.