आज्ञा-ओळीवरील साहाय्य आणि मराठी
केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स या संगणक-कार्यप्रणालीची पहिली माहितीपुस्तिका अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ३ नोव्हेंबर १९७१ रोजी सिद्ध केली. पुढे ‘मॅन’ ही आज्ञा टंकित करताच तिची पाने पडद्यावर दिसू लागली. लिनक्समध्ये ही आज्ञा वापरकर्त्याने निवडलेल्या भाषेतील पान आधी शोधते. ते नसल्यास इंग्रजी पान दाखविते. जर्मन, फ्रेंच, जपानी अनुवाद झाले. मराठीच्या वाट्याला बहुधा इंग्रजीच आली. २००० नंतरच्या दशकात लिनक्सचे मेनू मराठीत आले खरे, परंतु समान रुंदीच्या चौकटींत अक्षरे बसविणाऱ्या आज्ञा-पडद्यावर जोडाक्षरे व वेलांट्या विस्कटतात. म्हणजे उणीव केवळ अनुवादकांची नव्हे. ढाणकीतील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला इंटरनेटविना मिळू शकणारे हे साहाय्य इंग्रजीतूनच वाचावे लागते.